चुना कमी आहे

मृगाला नऊ दिवस बाकी.
दिवेआगरच्या वाडीत, विहिरीच्या कट्ट्यापाशी
प्लास्टिकची दोन पिंपं.
एकात रात्रीपासून भिजलेला चुना,
दुसऱ्यात मोरचूद,
इतका निळा की हात आपोआप मागे यावा.
लोखंडी बादली धाकूने आधीच
न्हाणीपलीकडे नेऊन ठेवली आहे.
"ती या कामाची नाय, बाई. निळं पानी तिला खातं."

मी नववीला विज्ञान शिकवते.
लोखंड वर, तांबं खाली, अशी श्रेणी
सोळा वर्षं फळ्यावर लिहून पुसते आहे,
पण एक बादली उचलून लांब ठेवावी
इतकी ती कधी खरी वाटली नव्हती.

तो बारीक धारेने निळं पांढऱ्यात ओततो,
मी बांबूच्या काठीने ढवळते.
आभाळी रंगाचं दाट दूध होतं.
मग धाकू कमरेच्या आकडीतून कोयती काढतो,
विटेवर घासून पातं उजळतो,
बुडवतो,
आणि ओठांतल्या ओठांत काहीतरी मोजतो.
बाहेर काढतो तेव्हा
धारेच्या कडेकडेने तांबूस साय.

"चुना कमी हाय."

मी समजावू लागते. सवय दुसरं काय.
हा रंग लागलेला नाही, धाकू,
ही देवघेव आहे.
पाण्यातल्या तांब्याला दोन इलेक्ट्रॉन कमी होते,
लोखंडाने दिले.
आवाज नाही, पावती नाही.
ज्याला मिळाले तो पात्यावर टेकला, धातू झाला.
ज्याने दिले तो
स्वतःची जागा सोडून पाण्यात उतरला.
पुस्तकात याला विस्थापन म्हणतात.

धाकूचा हात थांबतो.
"विस्थापन?
त्याचा दाखला हाय माज्याकडं. शिक्क्यासकट."

धरणाचं पाणी चढलं तेव्हा तो आठ वर्षांचा.
"तितं मातर चुना कमी पडला नाय," तो हसतो,
"जो आला त्यानं लावला."

मग पात्याकडे बघत, अगदी सरळ आवाजात:
"आनि जो उतरला, तो?"
पाण्यातच असतो.
"दिसतो?"
नाही. पुष्कळ जमले
तर पाणी जरासं हिरवट दिसतं.
"हां," तो म्हणतो, "तसंच दिसतं.
वैशाखात पानी खाली गेलं
की आमचं जोतं वर येतं. हिरवंच."

यावर माझ्याकडे समीकरण नव्हतं.
मी दोन वाट्या निवळी आणखी ओतली.
त्याने नारळाच्या सोडणाने पातं खसखसा पुसलं,
पुन्हा बुडवलं, पुन्हा मोजलं.
या वेळी पातं जसंच्या तसं.
कोणी आलं नाही, कोणी गेलं नाही.
"आता मारायला हरकत नाय."

पायात काथ्याचा वेढा, पाठीला नळी,
धाकू पोफळीवर चढतो.
शिपरं भिजवून झालं की खाली येत नाही,
झाड झुलवतो,
झुलवत नेतो शेजारचीच्या अंगावर,
आणि एक क्षण, फार तर अर्धा,
दोन्ही शेंडे त्याच्या हातात असतात,
तो कोणाचा ते सांगता येत नाही.
मग पहिली पोफळ सुटून मागे जाते,
बराच वेळ हलत राहते.

मी खाली पंपाचा दांडा मारते.
सोडणाच्या तंतूंवर थोडं तांबं चमकतं आहे,
ते मला दिसतं.
त्याच्या कोयतीतून उतरलेलं लोखंड
या पिंपात कुठेतरी आहे,
नळीतून ते त्याच्यामागोमाग वर चाललं आहे,
फळाफळावर बसायला,
आणि ते मात्र मला दिसत नाही.