चौथी तार

जेल रोडवरून आणलेल्या हेडफोनची वायर
ब्लेडनं सोलली, तर आत तीनच तारा निघाल्या :
लाल, हिरवी, आणि एक उघडं तांबं.
डावा, उजवा,
आणि दोघांना मिळून परतीचा एकच रस्ता.

अप्पा पेपरमधून डोकं न काढता म्हणाले,
"दोन बिऱ्हाडं, एक मोरी.
डाव्याचं थोडं उजव्यात तुंबणारच."
एकोणतीस वर्षं मालवा हाऊसच्या कंट्रोल रूममध्ये काढलेला माणूस,
त्याला क्रॉसटॉक मी काय सांगणार.

सियागंजात तय्यबभाईंनी चार कोरची केबल
हातानं मोजून दिली, वर वीतभर जास्त.
जेवणाच्या टेबलावर रात्री सोल्डर केलं,
राळेच्या धुरात भरली वांगी गार झाली.
आता प्रत्येक कानाला दोन तारा.
एक ढकलते तेव्हा दुसरी ओढते,
लाकडाच्या वखारीत दोघांनी धरलेल्या करवतीसारखं.
जमिनीला कोणी हात लावायचा नाही.

"स्टेडियमवरून कॉमेंट्रीची लाइन यायची ना,"
अप्पांनी आता पेपर घडी केला,
"विजेच्या तारांना घासून. भणभण भरायची तीत.
पण आवाज दोनदा पाठवलेला,
एकदा सरळ, एकदा उलटा.
इकडे आल्यावर एकातून दुसरा वजा करायचा.
जे दोघींना सारखं लागलं, ते गेलं.
जे उलट होतं, तेवढं उरलं."

मी प्लग लावला, नॉब फिरवला,
आणि जग दुप्पट झालं.
"अहो अप्पा, काय फरक आहे!"
"मोठा झाला म्हणून गोड वाटतोय.
दोन्ही सारखे कर, मग सांग."
सारखे केले.
मग मला नक्की सांगता येईना.

"आणि दोन उण्या तारा एकत्र बांधू नकोस,
अॅम्प्लिफायर जळेल," म्हणत
त्यांनी हेडफोन स्वतःच्या डोक्यावर चढवला.
त्यांचीच एक जुनी टेप, स्टुडिओ दोनची,
गाणाऱ्या बाईंचं नाव डब्यावरून पुसलेलं.
बराच वेळ ऐकत होते.
डावी वाटी कानामागे सरकवलेली.

"नीट बसवते थांबा."
"राहू दे. तो गेलाय.
मागच्या संक्रांतीपासून."
हे त्यांनी रेंज गेल्याचं सांगावं
तसं सांगितलं.

मग टेबल पुन्हा मांडलं.
दोन सारखे रेझिस्टर,
डावा-उजवा अॅम्प्लिफायरच्या आधीच एका गाठीत.
सबंध आठवडा जे वेगळं करत होते
ते दहा मिनिटांत मिसळून टाकलं.
तय्यबभाईंची केबल तशीच राहिली,
तिच्या दोन तारा आता
अप्पांच्या कानशिलाला नुसती ऊब देतात.

टेप पहिल्यापासून लावली.
अप्पा आधी काहीच बोलले नाहीत.
मग उजवा हात मांडीवर उलटा पडला
आणि बोटं एकेक करून हलायला लागली,
पंचम, जोड, जोड...
करंगळीपाशी थांबले.

"तंबोरा डावीकडे ठेवला होता मी," म्हणाले,
"मीच. माइक मीच लावला होता."

आणि करंगळी पुन्हा, हळूच : खर्ज.