तीन टोपणं

पहाटे साडेचारला जिंतूरच्या स्टँडवर
आम्ही दोघं, आणि बंद टपरीखाली झोपलेलं कुत्रं.
मुंजाजीनं बायकोची कानटोपी घातलेली, गुलाबी गोंड्याची.
मी हसलो नाही. हिवच तसं होतं.

मग हबीब आला. सहा वर्षांनी.
हर्णैला ट्रॉलरवर खलाशी होता.
हाताची कातडी सोलून पुन्हा आलेली,
बोलण्यात मधेच कोकणी हेल,
आणि काखेत पंच्यात गुंडाळलेली एक बाटली.
"दर्या आहे," म्हणाला. "अम्मीसाठी.
तिनं तेवढंच मागितलं."

येलदरीच्या काठाला चंपतकाका भोई
बिडी विझवून उभाच होता.
होडीच्या बुडाला डांबराचं ठिगळ,
तरी डब्यानं पाणी उपसायचं काम माझ्याकडं.
धुई अशी, की वल्हं पाण्यात जातं
ते ऐकूच यायचं, दिसायचं नाही.

हबीब सांगू लागला:
डिझेलचा वास, बर्फात गाडलेले बांगडे,
रात्री पाणी हिरवं पेटतं ते,
आणि तीन-तीन दिवस कड दिसत नाही ते.
चंपतकाकानं वल्हं थांबवलं.
"कड दिसत नाही, तं मग
माणूस घरी कोणीकडं बघतो?"
हबीबनं त्यावर काही सांगितलं नाही.
पाणी ठिगळातून येत होतं, मी उपसत होतो.

थंडीत मासा बुडाला बसतो, रुसल्यासारखा.
रात्रीचं जाळं ओढलं तर
सात चिलाप्या, एक वाम,
आणि कुणीतरी नवसाचा सोडलेला नारळ, शेंडीसकट.
मुंजाजी नारळ परत सोडू म्हणाला.
काका म्हणाला, देवाला पोचला असता तर
माझ्या जाळ्यात कशाला आला असता.
फोडला. सडका निघाला.
आम्ही सगळेच जरा गप्प झालो.

पाणी उतरलं की धरणाच्या मधोमध
एका टेकडीची पाठ वर येते.
तिथं तीन दगड मांडले, तुराट्या पेटवल्या,
तवा, तेल, ठेचलेला लसूण, हिरवी मिरची.
भाकरी मुंजाजीकडं, मीठ माझ्याकडं.
माझ्याकडं म्हणजे घरी. ओट्यावर. पुडीत बांधून ठेवलेलं.

मला तिघांनी ज्या शिव्या घातल्या
त्या इथं लिहीत नाही.
अळणी मासा चावून बघितला,
ओल्या कागदासारखा लागला.
मग एकेक करून सगळ्यांची नजर
पंच्याकडं गेली.

हबीबनं बाटली मांडीत ओढली.
बराच वेळ बूच आवळत बसला, आवळलेलंच.
मग फिरवलं.
गंजक्या साखळीचा, कुजक्या दोराचा वास आला.
पहिलं टोपण तव्यात गेलं, चर्र झालं.
दुसरं. तिसरं त्यानं मोजून, अर्धं.
मी समुद्र कधी पाहिला नाही.
बोट टोपणात बुडवून चाटलं.
मीठ नव्हतं ते नुसतं, त्यात कडूही होतं काहीतरी.

वाम संपली. काटेसुद्धा चोखले.
उन्हात धुई फाटली, आणि मुंजाजीला तेव्हा
आपल्या डोक्यावर काय आहे ते आठवलं.
परतताना हबीब कडेला वाकला.
आम्हाला वाटलं, हात धुतोय.
बाटली गळ्यापर्यंत भरून त्यानं पंच्यानं पुसली,
पुन्हा पुन्हा पुसली.

संध्याकाळी त्याच्या घरी.
अम्मी खाटेवर, पाय गोधडीत.
चहाच्या बशीत ओतून घेतलं तिनं,
दोन्ही हातांनी बशी धरली,
ओठ लावले, डोळे मिटून थांबली.
आम्ही तिघं उंबऱ्याशी चपला शोधू लागलो.

"इत्ताच खारा क्या रे?"

"हौ अम्मी," हबीब म्हणाला.
"किनारेका है."