चोरश्वास

शुक्रवारी सकाळी रुवीचा बाजार अर्धा झोपेत असतो.
शटरखालून लादी पुसल्याचं पाणी रस्त्यावर येतं
आणि मी झेरॉक्सची फाइल पोटाशी धरून
शाळेच्या मागच्या जिन्याने वर जाते.
पाचवी 'ब'चा वर्ग. बाकं भिंतीला सारलेली,
फळ्यावर कालचे अपूर्णांक तसेच,
आणि चार रांगांत आम्ही चौतीस जण.

मी आल्टो.
मस्कतला येईपर्यंत आल्टो म्हणजे
दिरांची पांढरी गाडी, एवढंच ठाऊक होतं.

पहिल्याच दिवशी बेद्रोस सरांनी हात थांबवला.
"तू. तुझा आवाज मला वेगळा ऐकू येतोय."
मी हसले, जरा लाजलेसुद्धा.
"म्हणजे काहीतरी चुकतंय," ते म्हणाले.

इचलकरंजीत कुंदाबाईंनी सहा वर्षं
माझा आवाज वेगळा ऐकू यावा म्हणूनच खपवली होती.
सा असा लाव, म्हणायच्या,
की पलीकडच्या मागवाल्याचा धोटा चुकला पाहिजे.
आणि ग वरून रे वर यायचं ते
ओल्या जिन्यावरून उतरावं तसं,
भिंतीला हात लावत लावत.
इथे ती मींड म्हणजे मळ.
सरांनी तीन महिने घासून काढली.
"पायरी हवी. घसरगुंडी नको."
अजून थोडी राहिलीय, कोपऱ्यांत.

डावीकडे ल्यूझ. इस्पितळातली रात्रपाळी करून थेट यायची,
हातांना स्पिरिटचा वास.
शेवटच्या पानावर एक सूर बावीस ठोक्यांचा आहे.
एवढी हवा एका छातीत मावत नाही.
म्हणून तो वाटून घ्यायचा:
ज्याने त्याने आपापल्या ठोक्याला, शब्दाच्या अध्येमध्येच,
गुपचूप बाहेर पडायचं, श्वास घ्यायचा
आणि परत येताना दार वाजवायचं नाही.
ल्यूझ सातव्याला, मी अकराव्याला, झुवेना चौदाव्याला.
ल्यूझनेच माझ्या कागदावर पेन्सिलीने
तिघींचे स्वल्पविराम काढून दिले.
ऐकणाऱ्याला वाटतं, हे थांबतच नाहीत.
खरं तर आमच्यातलं कोणी ना कोणी
सतत थांबलेलं असतं.

शब्द लॅटिन. मी देवनागरीत उतरवून घेतलेत.
'दोना' म्हणजे दे.
मला आपला पळसाचा द्रोण दिसतो,
रिकामा, पंगतीत पुढे केलेला.

वर्गातला एसी कोमल नीच्या किंचित खाली घुमतो
आणि आम्ही सगळे नकळत त्याच्याकडे कलतो.
मेमध्ये सरांनी तो बंदच केला.
दहा मिनिटांत सुरात आलो, वीस मिनिटांत घामाने निथळलो,
कुणीतरी खिडकी उघडली तर
बाहेरचे उघडेबोडके डोंगर आत आले, तापलेले.

त्याच आठवड्यात ल्यूझचं कॉन्ट्रॅक्ट संपलं.
करकच्या टपरीवर तिने ते सांगितलं,
बस किती वाजता आहे हे सांगावं तसं.
तिची काळी फाइल मला दिली. तिचं इलॅस्टिक सैल आहे.

कार्यक्रम हॉटेलच्या हॉलमध्ये होता.
काळे पोशाख, पायांत बोचणाऱ्या नव्या चपला,
डावीकडे एका माणसाएवढी जागा.
सरांनी रांग सरकवून घ्या म्हटलं नाही,
आम्हीही विचारलं नाही.
शेवटचं पान आलं. पाच, सहा,
सातव्याला कुणालाच कुठे जायचं नव्हतं.
आणि तिथेच मी, कशी कोण जाणे,
दोघींपुरतं गायले.
मींडसुद्धा आली असावी.
सरांची एक भुवई वर गेली, खाली आली,
हात थांबला नाही.
अकराव्याला मी श्वास घ्यायला विसरले
आणि एकोणिसाव्यापर्यंत डोळ्यांपुढे काजवे.

परतताना गाडीत मन्वा मागच्या सीटवर
चिप्सच्या पिशवीत तोंड घालून म्हणाला,
"आई, तू मला अख्ख्या गाण्यात ऐकूच आली नाहीस.
एकदाच आलीस. मध्येच. जराशी."
"कुठे?" मी विचारलं.
त्याने बोटांवर काहीतरी मोजलं,
मग सिग्नल सुटला.