मागच्या दाराने

सव्वीस वर्षं मी या शहरात
मागच्या दाराने शिरलो.
कचऱ्याच्या पेट्यांपाशी गाडी लावायची,
डोक्याला जाळी, हातात फॉर्म,
खिशात लांब सुईचा थर्मामीटर.
मी आत पाऊल टाकलं की
भांड्यांचासुद्धा आवाज बंद.
कुणी फडकं लपवायचं,
कुणी धुतलेलेच हात पुन्हा धुवायचं.

ह्यूस्टन मला असं पाठ आहे.
बेलेअर बुलेव्हार्डवर, नखं रंगवायचं दुकान
आणि दंतवैद्य यांच्या मधल्या गाळ्यात
खुएनबाईंची हाडं पहाटे तीनला चुलीवर चढतात.
कांदा, आलं आधी जाळावर काळं करायचं,
चक्रीफूल फडक्याच्या पुरचुंडीत.
मी सुई बुडवायचो : एकशे अठ्ठ्याण्णव अंश.
लिहायचो. सही.
चवीचा रकाना आमच्या फॉर्मवर नव्हता.

लाँग पॉइंटला नोबाईंच्या बरण्या.
'हे नासलंय का?' पहिल्या वर्षी विचारलं मी.
त्या हसल्या नाहीत.
'तुमच्या जन्माआधीपासून नासतंय,' म्हणाल्या,
आणि झाकण घट्ट लावलं.

हिलक्रॉफ्टला शरजीलची निहारी,
पातेल्याचं तोंड कणकेने लिंपलेलं.
मी फोडायला लावलं ते.
त्याने असं पाहिलं माझ्याकडे
जसं मी निजलेलं पोर हलवून उठवलं.

खायचं काही नाही, हा नियम.
पाण्याचा पेलासुद्धा नाही.
दुपारी गाडीच्या काचा वर करून
मी घरचं टर्कीचं सँडविच खायचो;
बाहेर डांबर वितळायचं,
आत माझ्या शर्टाला अर्ध्या आशियाचा वास.
ओडील म्हणायची,
'तुझे कपडे धुवायला टाकताना मला भूक लागते. ने ना कधीतरी.'
मी म्हणायचो, 'आतून पाहिलंय मी ते सगळं.'
जसं काही हे उत्तरच होतं.

मार्चमध्ये निवृत्त झालो.
त्यांनी केक आणला, ओळखपत्र काढून घेतलं.
थर्मामीटर माझा स्वतःचा होता, तो राहिला.

शनिवारी मी ओडीलला म्हटलं, चल.
खुएनबाईंच्या पुढच्या दाराला घंटी आहे,
हे मला माहीत नव्हतं.
भिंतीवर मासळीबाजाराचं कॅलेंडर,
बिलाच्या टेबलाशी गृहपाठ करणारा नातू,
शेजारच्या टेबलावर लसूण-लोण्यात लडबडलेल्या
लाल क्रॉफिशचा ढीग, आणि त्यावर तुटून पडलेलं
एक अख्खं होंडुरासी कुटुंब, कोपरापर्यंत.

वाढणारी मुलगी आली. एकच मेनूकार्ड. मला दिलं.
ओडीलला म्हणाली, 'नेहमीचंच ना, मिसेस थिबोडो?
गुरुवारी आला नाहीत.'

मी ओडीलकडे पाहिलं.
ती लिंबाची फोड निवडत होती, फार लक्षपूर्वक.
'किती वर्षं?'
'अकरा असतील. शर्टाच्या वासावरून शोधलं.
नोबाई, शरजील, सगळे. आणि हे क्रॉफिश…
तुझ्या आईला सांगू नकोस,
पण लाफाएतला असा लसूण कुणी घालत नाही.'

तेवढ्यात खुएनबाई बाहेर डोकावल्या.
मला पाहिलं.
आत भांड्यांचा आवाज बंद.
मी दोन्ही हात वर केले, रिकामे.
त्यांनी ओडीलकडे पाहिलं, मग माझ्याकडे,
मग पुन्हा ओडीलकडे.
'हा?' त्या म्हणाल्या. 'हा तुमचा?'

आतून कुणीतरी मोठ्याने हसलं,
आणि मग झाऱ्याचा, पळ्यांचा, नळाचा
तो गदारोळ सुरू झाला,
जो सव्वीस वर्षांत माझ्यासमोर कधी वाजला नव्हता.

वाडगा आला.
वाफेने चष्मा गेला, हात खिशाकडे गेला,
सुईला बोटं लागली.
ओडील म्हणाली,
'ठेव ते. फुंकर घाल.'