जुळत नाही

आधारवर बिसन, रेशन कार्डावर किसन.
योजनेच्या खिडकीतला पोरगा म्हणाला,
नाव जुळत नाही काका, शिक्का आणा.
तीन आठवडे वैरागड ते आरमोरी, आरमोरी ते वैरागड,
भागरताबाई प्लास्टिकच्या पिशवीत कागद घेऊन,
बिसनभाऊ डोक्यात गाठ घेऊन.
गाठीला तिकीट लागलं नाही.

आज ब्रह्मपुरीत, माझ्या मशीनसमोर.
ताईत काढा म्हणाले, काढला.
करगोट्यात चांदीचा मणी होता, तोही सोडला.
"कापत तं नाई ना जी?"
नाही. नुसता आवाज होईल. हलायचं नाही.
"मंग ठीक. कोसा आमी कानापाशी हालवूनच पायतो.
ठक वाजला का जित्ता."
थांबून म्हणाला, "कदी कदी चुकते."

चाळीस मिनिटं मशीन ठोकत राहिलं.
तो येनाच्या झाडाखाली राखण बसल्यासारखा
निपचित.

पहिल्या चित्रात गाठ पांढरी,
सोललेल्या शिंगाड्यासारखी.
दुसऱ्यात तीच आतून काळवंडलेली,
काठाला तेवढी उजळ रेघ,
बोडीचं पाणी उतरल्यावर राहते तशी.
मोहुर्ले मॅडम वाकून बघत राहिल्या.
"ही दोन जुळत नाहीत," म्हणाल्या,
आणि पहिल्यांदा त्यांच्या आवाजात
काहीतरी सैल झालं.

म्हणजे आत, जनुकाच्या त्या लांबलचक ओळीत,
एक अक्षर बदललेलं असावं.
ज्यांचं बदलतं ते बहुतेक जास्त जगतात.
किती? वर्षं, म्हणाल्या. आकडा नाही म्हणाल्या.
आकडा संध्याकाळी नागपूरच्या संगणकानं पाठवला:
सत्त्याऐंशी टक्के.
उरलेल्या तेरांबद्दल त्याला कुणी विचारलं नाही.
खात्री कवटी उघडल्यावर.

मॅडमना राउंड होता. सांगायचं माझ्यावर आलं.
ओपीडीच्या पायरीवर भागरताबाई
चुरमुऱ्याची पुडी न फोडता बसलेली.
मी शब्द शोधले, एकही सापडला नाही,
शेवटी म्हणाले,
गाठीत एक अक्षर चुकलंय, असं वाटतंय.
चुकलंय ते बरं आहे.

तिनं माझ्याकडे पाहिलं.
मग पिशवीची गुंडाळी उलगडली,
आधार काढलं, रेशन कार्ड काढलं,
तहसीलचा जांभळा शिक्का वर धरला.
"आता त्याले बी शिक्का आना लागन का जी?"

नाही म्हणाले.

मागं बाकावर बिसनभाऊ
करगोटा बांधत होता पुन्हा.
उजवा हात ऐकत नव्हता.
गाठ बसत नव्हती.