दहा लाख एक

दहा लाखाव्या पाहुण्याला बदामाचा केक मिळाला,
महापौरांनी हात मिळवला, फोटो निघाला.
तार्तूहून आलेलं पोर ते, नाक गळत होतं त्याचं.
मग बोट चुकू नये म्हणून बँडवाले पळाले
आणि खिडकीशी उभ्या राहिल्या हिल्ये राउडसेप,
एक हातमोजा निळा, एक तपकिरी.
मी तिकीट फाडलं: १०००००१.

"अरेरे, एकानं हुकलं तुमचं."
"हुकलं कुठे?" त्या म्हणाल्या. "हजार वेळा हजार, वर एक."

दीपगृह राहिलं बाजूला,
बाई ज्युनिपरच्या झुडपाआड बाकावर बसल्या
नि तिकिटाच्या पाठीवर भागाकार मांडला.
तीननं भागलं, उरले दोन.
सातनं, दोन. अकरा, तेरा, सदतीस: दोन, दोन, दोन.
"ज्याच्या त्याच्या दारात
ही आपल्या दोन चपला विसरून येते."
सतरापाशी मात्र दहा उरले.
सतराच्या सतरा भानगडी.

वारा सुटला, तिकीट उडालं, मी धावत जाऊन आणलं.
मग बराच वेळ ती संख्या कोणालाच दाद देईना.
एकशे एकपाशी पेन्सिल थांबली.
बाकी शून्य.
एकशे एक गुणिले नऊ हजार नऊशे एक,
दोघंही मूळ, दोघंही अभंग.

मग हजेरी घ्यावी तशी त्यांनी हिची जातकुळी सांगितली.
उलटी वाचा, तीच.
स्वतःला सोडून भाजकांची बेरीज करा: दहा हजार तीन.
दहा लाखांपुढे नुसत्या कण्या. म्हणून 'न्यून'.
अंकांचे वर्ग मिळवत जा, पुन्हा, पुन्हा,
एकावर कधी पोचत नाही,
चारावरून निघते, फिरून चारावरच येते. म्हणून 'दुःखी'.
शून्य आणि एक एवढ्यातच लिहा,
एक येतात आठ, म्हणजे सम. म्हणून 'दुष्ट'.

"कोणी ठेवली ही नावं?"
"ज्यांना वेळ होता त्यांनी."

वर जाऊन आल्या, तेव्हा मी गल्ला मोजत होतो.
"हजारचा वर्ग आणि एकचा वर्ग,
एवढंच आधी दिसलं होतं मला.
एक अख्खा डोंगर, शेजारी एक खडा.
माझं नि काल्युचं तसंच."
काल्यु म्हणजे आमच्या भाषेत कडा.
"डोंगर कोण होतं ते नावावरून ठरवू नका," त्या म्हणाल्या.
"पण जिन्यात दुसरी जोडी सापडली.
नऊशे ऐंशी आणि एकशे नव्याण्णव.
वर्ग करा, मिळवा."
मी कॅल्क्युलेटरवर करून पाहिलं.
तेच उत्तर.

"पायऱ्या किती हो तुमच्या?"
"अठ्ठ्याण्णव."
"छे, कशातच बसत नाही!"
आणि किती खूश झाल्या.

त्या दिवशी मग कोणी आलं नाही.
सकाळी पहिल्या माणसाला मी १०००००२ दिलं.
ही सम आहे,
एवढंच मला सांगता आलं.