एकशे अठरा मीटर

केळीच्या पावतीच्या पाठीवर
मी त्यांचं ऑफिस काढलं.
वर डिगंबरशेठ झांबऱ्यांची केबिन,
खाली हिशेबाचं टेबल, तिथे इंदूताई भारंबे,
प्रिंटर खिडकीत, कारण दुसरीकडे जागाच नाही,
आणि पार तिकडे, पटांगणापलीकडे,
वजनकाट्याची खोली.
तिथून हमिदा तडवी
प्रत्येक ट्रकचं वजन ओरडून सांगते.

सावद्यातला मे. पत्रा उन्हाने तडतडतोय.
कूलरचं पाणी सकाळीच संपलेलं.
टेपचं एक टोक माझ्याकडे, एक लोटनकडे.
भिंतीच्या कडेने, मोरीला वळसा घालून,
निंबाखालून,
ट्रक वळतात ती जागा टाळून
मोजलं. एकशे अठरा.

"शंभराच्या पुढे तार थकते, शेठ."
"थकते म्हंजे? तार काय बैल हाय?"
बैल नाही, पण निरोप विरतो वाटेत,
सोळा टनाचे सहा टन ऐकू यायचे,
मग कोण कोणाशी भांडणार?
म्हणून मध्ये, पॅकिंगच्या शेडमध्ये,
धुण्याच्या टाक्यांपासून लांब, खोक्यांच्या वर
एक स्विच ठेवू.
तो निरोप ऐकून घेईल
आणि नव्या दमाने पुढे देईल,
ज्याचा त्याला. साऱ्या गावाला नाही.

मुख्य स्विच त्यांनी हातात घेऊन उलटापालटा केला,
टरबूज पाहावं तसा.
"सोळा भोकं कायले? बसनारे तं चारच."
मी म्हटलं, घड उतरायच्या आधी
झाडाच्या बुडाशी एक पील राखता ना?
ते कुठे आज केळी देतं?
शेठ गप्प झाले.
मग लोटनला म्हणाले, "बाईले चहा सांग."

तीन दिवस तार ओढली.
विजेच्या जाड वायरींपासून वीतभर अंतर,
पाइपाला वळण देताना कोपर नाही, गोल वाक.
चौथ्या दिवशी सकाळी
सगळे हिरवे दिवे एकदम,
वेड्यासारखे, लुकलुकायला लागले
आणि ऑफिस जागच्या जागी थिजलं.
प्रिंटरच्या तोंडात अर्धा कागद.
इंदूताईंचा आकडा नऊवर अडकलेला.

एक-एक तार उपटत गेले.
अकरावी उपटली, दिवे शांत.
तिची दोन्ही टोकं एकाच स्विचमध्ये.

चौकात कोणी नुसतं विचारतं,
"भाव पडनार काय रे आज?"
आणि संध्याकाळी तोच प्रश्न
बातमी होऊन त्याच्याच ओट्यावर येतो.
तो घाबरून आणखी चौघांना सांगतो.
तसंच हे. गोल फिरत राहिलं
एक साधं "कोण आहे?"
आणि दुसऱ्या कशाला वाटच उरली नाही.

सुपडू झाडू घेऊन दारात उभा.
"लोंबत व्हती. मोकळं भोक दिसलं, म्हनून लावली."
त्याला काय बोलणार?
त्याने टापटीप केली होती.
मीच पावतीवर शेवटी लिहिलं:
गोल ओळखून वाट बंद करणारा स्विच घ्यावा, दोन हजार जास्त.
आणि प्रत्येक तारेला, दोन्ही टोकांना, नाव.
नावं इंदूताईंनी लिहिली,
खतावणीतल्या अक्षरात, शिरोरेघ न मोडता.
एकीवर नुसतं "हमिदा".

दुपारी पहिला ट्रक काट्यावर चढला.
वजन आपोआप टेबलावरच्या पडद्यावर आलं,
सोळा टन दोनशे चाळीस.
सगळे बघत राहिले.
"मंग मी आता आरडू नको का?"
हमिदा फोनवर विचारत होती.
नको, म्हटलं. गरज नाही.

दुसरा ट्रक चढला.
पडद्यावर आकडा उमटला, आणि लगेच
काट्याची खिडकी उघडली:
"पंधरा टन नऊशे साठ, ओ ताई!"
"आलं गं!" इंदूताई ओरडल्या,
पडद्याकडे न बघताच.

पटांगणावरून सरळ मोजलं तर सत्तर मीटर.
मध्ये स्विच नाही.

लोटन उरलेली तार गुंडाळतोय.
नऊ मीटर. ती मी बिलातून वजा करते.